दुतोंड्याच्या कमरेला

अंबडच्या शेडमध्ये माझे दोन लेथ,
तिसऱ्याचे हप्ते.
बुश आणि शाफ्ट यांच्यात किती फट ठेवायची
हे मला बोटांनी कळतं.
थोडी कमी, की तापल्यावर जाम.
थोडी जास्त, की थरथर.
म्हणून मोहन गायधनी म्हणाला,
"स्प्रेड म्हणजे दोन पाय,
एक विकायचा, एक घ्यायचा, नुकसानीला तळ आहे,"
तेव्हा ते मला मशीनसारखंच वाटलं.

तळ मी जॉबकार्डच्या पाठीवर काढला.
साडेतेवीस हजाराचा पुट विकला एकशे दहाला,
तेवीस हजार तीनशेचा घेतला अठ्ठेचाळीसला,
नग तीनशे.
फार तर फार एक्केचाळीस हजार चारशे.
आकड्याभोवती गोल केला, खाली सही केली,
कुणी मागितली नव्हती तरी.

मंगळवार, एक्सपायरी.
सकाळी गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी.
अकरानंतर बाजार उतारावरच्या टेम्पोसारखा,
ब्रेक आहेत की नाहीत कळेना.
विकलेला पाय लाल, लाल, लाल.
घेतलेला मात्र हिरवागार,
अठ्ठेचाळीसचे एकशे एकतीस.
वाटलं, निदान हा तरी खिशात घालू.
घातला.

कुंपणानेच शेत खाल्ल्याच्या गोष्टी ऐकत आलोय.
इथे कुंपण बिचारं उभं होतं नेमून दिल्या जागी.
मीच उपटलं, भंगारात विकलं,
आणि भाव बरा आला म्हणून
तन्वीरला दोन कटिंग सांगितले.

चहा यायच्या आत
दीड लाखाचं मार्जिन पाच लाख ऐंशी हजार झालं होतं.
लेथ बिघडताना किंचाळतो तरी.
मोबाइल फक्त एकदा थरथरला:
रक्कम भरा, पंधरा मिनिटं.
वृंदाची एफडी मोडायला पंधरा मिनिटं पुरत नाहीत,
तिला तसं विचारायला
मला लग्नाची एकोणीस वर्षं पुरली नाहीत.
मोहन देवळालीच्या शाळेत, आठवीच्या तासावर.
फोन बंद.

एक बावन्नला त्यांनी पोझिशन तोडली.
'ते' म्हणजे कुणी नाही.
शिव्या द्यायला तिथे माणूस नाही, नियम आहे.
घेतलं परत चारशे अठराला.
त्या घटकेला विकणारे मोजके
आणि त्यांना घाई नव्हती.

सदुसष्ट हजार पाचशे.
वर तोडणावळ,
तोडणावळीवर जीएसटी.
जॉबकार्डवरचा तळ तिथेच होता, गोलात, सहीसकट.
मी त्याच्या खाली होतो.

तीन दहाला बाजार वर आला,
अंग झटकून, काही झालंच नाही असा.
साडेतेवीस हजार बारावर बंद.
हात लावला नसता तर दोन्ही पाय शून्य,
आणि अठरा हजार सहाशे माझे.
हे मी वृंदाला सांगितलेलं नाही.
तुम्हाला सांगतोय.

संध्याकाळी स्कूटर घेऊन गोदाकाठी गेलो.
पुलावर गर्दी, मोबाइल वर धरलेले.
पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला.
दोन तोंडांचा देव, दोन्हीकडे बघणारा,
आणि तरी पाण्यात.
कुणीतरी म्हणालं, "छाती बाकी आहे अजून."

भांडी बाजारात एक तांबट
हंडे, घागरी, बंब माळ्यावर चढवत होता.
म्हटलं, "एवढ्यात? कमरेलाच तर आहे."
तो हात न थांबवता बोलला,
"छातीला आलं की हमाल मिळत नाही.
मिळाला तर मागेल ते द्यावं लागतं."

मी शर्टाच्या बाह्या दुमडल्या.
अंधार पडेपर्यंत त्याला भांडी देत राहिलो,
तो वर, मी शिडीखाली.
शेवटची घागर गेल्यावर त्याने विचारलं,
"हमाली किती?"
म्हटलं, "कमरेपर्यंतचा जो भाव असेल तो."
त्याला हसू आलं.
मला अजून यायचंय.